यशयाचा बंब

लढाईची चार वर्षं यशया नगरच्या कॅम्पात आगीचा बंब चालवत होता. लाल रंग, समोर पितळी घंटा, मागं तांब्याची टाकी. बंब जुनाट होता आणि खऱ्या आगी लागल्या दोनच, त्यातली एक गवताच्या गंजीची. बाकीचे दिवस यशया घंटा घासायचा.

लढाई संपली, माणसं कमी केली. शेवटच्या दिवशी त्यानं नेहमीसारखा सीटखाली हात घालून पंपाची बोटभर तोटी उघडली आणि आतलं पाणी गळू दिलं. पंपाला विसावा देताना ती उघडायची, पाणी ओढताना बंद करायची. राहिली उघडी, तर पंप नुसती हवा ओढत बसतो. कुणाच्या नजरेला न पडणारी ही तोटी फक्त त्याच्या बोटांना ठाऊक होती. मग तो आपल्या गावी, कोल्हारला परतला आणि बागाईतदार काकासाहेबांच्या मळ्यात मोट हाकू लागला.

सहा महिन्यांनी कॅम्पातला सोबती गोरक्ष मनमाडकडे जाताना त्याच्या घरी डोकावला. यशया मळ्यात होता. गोरक्षनं त्याच्या बायकोपाशी, दीनापाशी निरोप ठेवला, "वहिनी, त्याला सांगा, कॅम्पातला बंब शनिवारी लिलावात निघालाय."

तेव्हा साहेब लोक बंगले रिकामे करत होते. खुर्च्या, आरसे, टब, सगळंच विकायला निघालं होतं. दीनाला वाटलं, आंघोळीचं पाणी तापवायचा बंब असेल. तिनं निरोप मनावर घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात मोटेवर असताना यशयाला घंटा ऐकू आली. बैल तसेच सोडून तो रस्त्यावर धावला. सडकेवर चहाचं हॉटेल आणि प्रवरेकाठी ऊस असलेला लालमहंमद लिलावात घेतलेल्या बंबावर बसून येत होता.

"यशयाभाऊ, वळखलं का?"

"घंटा घासली न्हाई कुनी," यशया म्हणाला.

गोरक्ष कळवल्याशिवाय राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. घरी येऊन त्यानं विचारलं, "दीने, गोरक्ष आल्ता?"

"आल्ता की. बंबाचं सांगत हुता. म्या म्हनलं, आपल्याला कशाला? आंगुळीला नदी हाय."

रागवायचं तरी कसं? शब्द तर तिनं बरोबर ऐकला होता. त्या रात्री तो जेवला नाही. सीटच्या चामड्यात त्याच्या बसण्यानं पडलेला खोलगा होता आणि आता त्यात दुसरंच बूड टेकलं होतं. लालमहंमद बंबाच्या नाकाडावर म्हशीला थोपटावं तसा हात मारायचा. ते दिसू नये म्हणून यशया सडक सोडून पांदीनं मळ्यात जाऊ लागला. घंटा तिथंही ऐकू यायची.

लालमहंमदला नदीचं पाणी उसाला द्यायचं होतं. बंब काठावर नेला, नळ्या सोडल्या. इंजिन गरजलं, नळी खोकली, पाणी आलं नाही. नगरचा मिस्तरी आला, कोंबडी जेवला, "हवा खातोय" म्हणून गेला. गाव हसलं, "लालूभाईनं नदीवर गानारी म्हैस आनली."

शेवटी लालमहंमद यशयाच्या पायरीवर येऊन बसला.

"चार वरसं तुमच्या हातात हुता. माझ्याकडंच का पानी वढंना?"

यशयाच्या बोटांना तोटीचा गारवा जाणवला. "जुनं झालंय, लालूभाई. दम न्हाई ऱ्हायला."

"एकदा बसून तर बगा. चालवायला तुमालाच ठेवतो."

यशया मनातल्या मनात तिथं बसून आला. पुन्हा ती सीट, तेच चाक. कॅम्पातही बंब त्याचा नव्हताच, पण तिथं मालक असा डोळ्यांसमोर नसायचा. इथं रोज दिसला असता, चहाचा पेला धरून सांगत, थोडा डावीकडं घे.

"मला मोट हाय," तो म्हणाला.

आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं. मग बंब सुटा झाला. इंजिन पुणतांब्याच्या गिरणीला गेलं, पंप मोडीत निघाला. तांब्याची टाकी लालमहंमदनं हॉटेलामागं चुलाणावर बसवली. लॉरीवाले सकाळी बादल्या घेऊन ओरडत, "लालूभाई, बंब तापला का?"

एका सकाळी लालमहंमद दारात आला आणि गोणपाटात गुंडाळलेली घंटा त्यानं यशयाच्या पुढ्यात ठेवली.

"च्याच्या दुकानात काय करायची? तुमी घासत हुता म्हनं." तो जायला वळला आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, "पंप फोडताना सीटखाली एक तोटी घावली, यशयाभाऊ. उघडीच हुती."

लालमहंमद उत्तरासाठी थांबला नाही.

दीना बाहेर आली. "घंटा हाय व्हय. आनि बंब?"

"लालूभाईकडं. पानी तापवतोय."

"मंग म्या काय येगळं म्हनलं हुतं?"

यशयानं चुलीतली राख आणली आणि उंबऱ्याशी बसून घंटा घासायला घेतली. वाजू नये म्हणून आतला लोळा त्यानं डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता.