हुकाचा धक्का

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्याहून वालूरला आले आणि काही महिने घरूनच काम केलं. काम ट्रॉल्यांचं. नवी ट्रॉली तयार होण्याआधी तिला कॉम्प्युटरातल्या खड्ड्यात आदळायचं आणि कुठे किती धक्का बसतो ते पाहायचं.

त्या वेळी उसाची ट्रॉली होती. ती खड्ड्यात गेली की कशी हलते याची रेघ छान गुळगुळीत यायची. वेगाची रेघही बरी होती. पण त्वरणाची रेघ, म्हणजे खरा धक्का दाखवणारी, बाभळीच्या फांदीसारखी काटेरी. कॉम्प्युटरात आम्ही लोखंडाचे हजारो बारीक तुकडे करतो. आदळलं की ते तुकडे आपापसांत थरथरतात. खऱ्या लोखंडात तेवढी थरथर नसते, पण त्वरणात ती फुगून दिसते. तिला आम्ही नॉईज म्हणतो आणि फिल्टर लावून पुसतो. मीही पुसली आणि आलेख पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या मॅडमना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मामा पेडगावहून आईला बघायला आला. हंगामात तो ट्रॅक्टरवर असतो, ऊसतोड टोळीचा माल कारखान्यावर नेतो. चहा पीत माझ्यामागं येऊन उभा राहिला.

"काय करायलीस माय?"

मी पुसलेला आलेख दाखवला. हा खड्डा, हा धक्का.

"एकच?" मामा म्हणाला. "दोन असत्यात की. पहिला चाकाचा. मग ट्रॉली जरा मागं राहती अन् ट्रॅक्टरच्या हुकावर येऊन धडकती. हुकातली पिन ढिली असती ना. पहिला कमरंला कळतो, दुसरा मानंला."

"दुसरा मोठा असतो का?"

"लय. ट्रॉली मोडली तर हुकापाशीच मोडती."

मी मूळ काटेरी रेघ उघडली. पहिल्या धक्क्यानंतर काट्यांची दाटी होती. त्यातला एक जरा उंच होता, पण नॉईजमध्ये असे उंच काटे असतातच. मामाचं ऐकून आलेख बदलायचा म्हणजे मॅडमना काय सांगणार? म्हणून तीच टक्कर मी पुन्हा चालवली. हिशेबातली वेळेची पावलं निम्मी केली, हुकाजवळचे तुकडे आणखी बारीक केले. हिशेब असा बदलला की नॉईजचे काटे जागा सोडतात, खरा धक्का सोडत नाही. दुपार त्यातच गेली.

नव्या रेघेत बहुतेक काटे जागचे हलले होते. काही नाहीसे झाले, काही भलतीकडे उगवले. तो एक मात्र त्याच जागी, जवळजवळ तेवढाच उंच. काल पाठवलेल्या फाईलमध्ये मी नेमका तोच पुसला होता.

मॅडमना फोन केला. "मॅडम, कालचा आलेख चुकलाय. फिल्टरनं एक खरा धक्का खाल्ला."

"खरा कशावरून?"

मी दोन्ही रेघा पाठवल्या, पिनचं सांगितलं. मामाचं सांगायला आधी लाज वाटली, मग तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही रेघा उघडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी विचारायला हवं होतं आपण. मीही सही केली होती त्यावर."

पंधरवड्यानं खऱ्या ट्रॉलीत रेतीची पोती भरून चाचणी झाली. हुकाला सेन्सर चिकटवला होता. दुसरा धक्का होता, माझ्या काट्यापेक्षा बराच बुटका, पण पहिल्याहून मोठा. पिनचं भोक घट्ट केलं आणि हुकाजवळ जाड पट्टी आली.

मामाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "बरं झालं. पण पट्टीचं वेल्डिंग दोन्हीकडून करा म्हणावं."

तेही मी कळवलं. आता फिल्टर लावण्याआधी प्रत्येक टक्कर दोनदा चालवते. तरीही काही काटे खरे की खोटे ते कळत नाही. तसं मी अहवालात लिहून टाकते.