दिग्रसला आलेलं बॉनेट

दिग्रसला पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून धनसिंग राठोडचं टिनाचं शेड आहे. तीस वर्षं झाली, तो तिथं फायबरचं काम करतो. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, एका शाळेच्या बागेतला जिराफ, दारव्हा रोडवरच्या ढाब्यापुढचा मोर, सगळं त्याच्याच हातचं. शेडच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको बिजलीबाई ताडपत्र्या शिवते. कापसाच्या गाड्यांवर टाकायच्या, धान्याच्या ढिगावर पांघरायच्या. तिची शिवण उसवली असं आजवर कुणी सांगत आलेलं नाही.

पण दोन वर्षांमागं धनसिंगनं शेड बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. कारखान्यातले तयार प्लास्टिकचे कूलर गावोगाव पोहोचले होते आणि ते बघायलाही गुळगुळीत होते. फायबरच्या भुशानं त्याला खोकला लागला होता. पोरगी वैष्णवी पुण्याला नोकरीला. ती दर रविवारी फोनवर सांगायची, "बा, या ना इकडं. आमच्या सोसायटीत वॉचमन पाहिजे. बसून काम आहे." धनसिंग म्हणायचा, दिवाळी होऊ दे, मग बघू. बसून काम करायचं म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं, हे त्याच्या डोळ्यांपुढं येत नव्हतं.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी एक टेम्पो शेडपुढं थांबला. टेम्पोत एक ठेंगणी पिवळी गाडी दोरांनी बांधलेली. दोनच दारं, दोनच सीटा, कापडी छत फाटून लोंबतंय, आणि पुढचं बॉनेट गायब. टेम्पोच्या केबिनमधून एक बाई उतरल्या. साठीला आलेल्या, उन्हानं रापलेल्या, पायात बूट. यवतमाळच्या पद्मजा खानझोडे. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेल्या. जिल्ह्यातली निम्मी शेतं साखळी लावून मोजलेली बाई.

"हे कोणती गाडी होय, मॅडम?" धनसिंगनं विचारलं.

"सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची. आता बनत नाही."

"मंग पार्ट?"

"मिळत नाहीत, म्हणून तर तुमच्याकडे आले. बोरी अरबच्या अलीकडे रानातून रोही आडवा आला, नीलगाय. रोही पळाला, बॉनेट रस्त्यावर राहिलं. यवतमाळात तिघांना दाखवली. तिघंही म्हणाले, भंगारात द्या."

"मॅडम, म्या कूलर बनवतो. गाडी काही म्या बनवत नाही."

"ही गाडी पत्र्याची नाहीच, धनसिंगभाऊ. हात लावून तर बघा."

धनसिंगनं बोटाच्या पेरानं दारावर ठोकलं. पत्र्याचा टणकार नाही, फायबरचा जाड, बसका आवाज आला. त्यानं पुन्हा ठोकलं. बाजारात टरबूज वाजवून घेतात तसं त्यानं गाडीभोवती फिरून सगळं अंग वाजवलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "उतरव."

पद्मजाताईंनी मागून युरियाचं एक पोतं काढलं. धडक झाल्यावर रस्त्यावर आणि बाजूच्या तुरीत उडालेले बॉनेटचे तुकडे त्यांनी एकेक करून वेचले होते. हाताच्या पंजाएवढे, काही नखाएवढे. "जितके सापडले तितके आणले," त्या म्हणाल्या. धनसिंगला हसू आलं नाही. लेकराचे दुधाचे दात पुडीत बांधून ठेवणारी माणसं त्यानं पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं बिजलीबाईची एक जुनी ताडपत्री पसरून तुकडे त्यावर मांडले. वरची बाजू सगळी एकसारखी चकचकीत पिवळी, कुठला तुकडा कुठं बसतो ते कळेना. कंटाळून त्यानं तुकडे उलटे केले. आतली बाजू कुणी रंगवत नाही. कूलरची आतली बाजू असते तशीच, खरबरीत. आणि तिथंच तो थांबला.

आत मॅटीचे, काचेच्या धाग्यांच्या चटईचे, थर दिसत होते. ब्रश कुठून कुठं ओढला ते कळत होतं. जिथं बॉनेटचा कोपरा वळतो तिथं जास्तीचा एक तुकडा दाबलेला होता, कारण कोपरा पहिल्यांदा तडकतो. धनसिंगही कूलरच्या कोपऱ्यात असाच तुकडा दाबायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, चार कूलर फुटल्यावर सुचलं होतं. आणि त्या तुकड्यावर, रेझिन ओलं असताना उमटलेला, एका बोटाचा ठसा होता.

त्यानं बिजलीबाईला हाक मारली. ती सुई खोचून आली. "ई काई छ?" तिनं विचारलं. दोघं आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलतात. त्यानं तिला सांगितलं की हे बोट आहे, गोव्याच्या कुण्या कारागिराचं. ही गाडी मशीननं छापलेली नाही, कुणीतरी वाकून, ब्रश घेऊन, माझ्यासारखी बनवलेली आहे. त्याचाही कोपरा आधी तडकला असेल, मग त्याला सुचलं असेल. बिजलीबाईनं तो ठसा निरखून पाहिला आणि ती म्हणाली, तुझ्यापेक्षा बोट बारीक आहे.

त्या दिवसापासून धनसिंग सकाळी लवकर शेड उघडू लागला.

पण पाच दिवस जोडूनही बॉनेट पुरं होईना. मधोमध परातीएवढं भोक राहिलं आणि नेमका तिथंच गाडीचा उठाव होता. अंदाजानं भरलं असतं तर गाडी टेंगूळ आल्यासारखी दिसली असती. त्यानं पद्मजाताईंना फोन केला. "मॅडम, दुसऱ्या गाडीचं चांगलं बॉनेट पाह्यजे. त्याच्यावरून साचा काढतो. त्याच्याबिगर नाही जमत." असं बॉनेट मिळणार नाही, हे धरूनच त्यानं फोन ठेवला होता.

बाराव्या दिवशी कोल्हापूरहून ट्रान्सपोर्टनं एक मोठं गाठोडं आलं. वर पोतं, आत पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत जुनी मऊ गोधडी, आणि गोधडीत लाल रंगाचं धडधाकट बॉनेट. सोबत चिठ्ठी होती: "काका, घाई करू नका. तोवर माझी गाडी उभी राहील. मंदार."

पद्मजाताई बघायला आल्या तेव्हा धनसिंगनं विचारलं, "हा तुमचा भाचा होय का?"

"नाही हो. मी त्याला एकदाही भेटलेली नाही. औषधाचं दुकान आहे त्याचं. त्याच्याकडेही हीच गाडी आहे, एवढीच ओळख."

"मंग आपली चालती गाडी उघडून कायले देलं त्यानं?"

पद्मजाताई शेडमधल्या उलट्या टाकीवर बसल्या. "कंपनी गेली, भाऊ. आमच्या गाडीला आता मायबाप नाहीत. आम्हीच एकमेकांना पुरवतो. माझ्याकडचा एक आरसा आज गुवाहाटीत फिरतोय. माझा क्लच बेळगावच्या एका मास्तरांनी फोनवर सांगून सांगून माझ्याकडूनच बसवून घेतला. हातभर काळं झालं, पण बसला. कधी तरी हे ऋण फिटेल म्हणून कुणी देत नाही. दिलं की बरं वाटतं."

"पण मॅडम, एवढी खटपट कराले, अशी काय हाय या गाडीत? जोरात तर आजकालच्या गाड्या पळतात."

"पळतात ना. ही तर त्यांच्यापुढं काहीच नाही." त्या हसल्या. "चौतीस वर्षं मी ऑफिसच्या जीपमध्ये मागं बसून फिरले. घरच्या गाडीत आधी बाबा, मग भाऊ चालवायचा. मी शिकले तर मागून तिघं सांगायचे, हळू घे, ब्रेक लाव, हॉर्न मार. मग हैदराबादला ही विकायला आहे असं कळलं. जाऊन पाहिली तर तिला मागची सीटच नाही. मी तिथंच घेतली."

धनसिंग मनातल्या मनात हसला. मग म्हणाला, "आता याच्यावर साचा काढतो. पण मले भेव वाटून राह्यलं. साचा चिकटला तर त्या पोराचं बॉनेट जाईन."

"मंदारला सांगितलंय मी. तो म्हणाला, गेलं तर गेलं."

ते ऐकल्यावर तर धनसिंगची भीती आणखी वाढली. चुकलं तर रागावणाऱ्या माणसाचं काम करणं सोपं असतं. त्यानं लाल बॉनेटला मेण लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. कूलरला तो दोनदा लावतो. इथं सातदा लावलं. मग जेलकोटचा गुळगुळीत पहिला हात, मग मॅटीचा एकेक थर, रोलरनं हवा काढत काढत. तोंडाला बिजलीबाईनं शिवलेला दुपदरी फडका बांधून तीन दिवस तो ओणवा होता. चौथ्या दिवशी सकाळी कडेनं लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि फटीतून पाणी सोडलं. काही हललं नाही. दुसरी पाचर. मग आतून कड्‌कन आवाज आला आणि धनसिंगनं डोळे मिटून घेतले. बिजलीबाईनंच पुढं होऊन एक कड उचलली. लाल बॉनेट जसं आलं होतं तसं, एक ओरखडा न पडता, साच्यातून वर आलं. धनसिंग तिथंच मातीत बसला आणि त्यानं तांड्यावरच्या सेवालाल महाराजांना हात जोडले.

त्या साच्यातून त्यानं पद्मजाताईंचं बॉनेट काढलं. कोपऱ्यात जास्तीचा तुकडा दाबायला विसरला नाही. दारव्ह्याच्या पेंटरनं पिवळा रंग असा जुळवला की जुनं कुठलं, नवं कुठलं, कळेना. फाटलेलं छत बिजलीबाईनं मागून घेतलं. तिनं छताचा सांगाडा तीनदा उघडून मिटून पाहिला, कापड कुठं ताणतं आणि कुठं दुमडतं ते खडूनं खुणावलं, आणि मेणकापडाचं नवं छत कापसाच्या ट्रकच्या ताडपत्रीला घालते तशा दुहेरी शिवणीनं शिवलं. परतीचा पाऊस दोन तास कोसळला, त्या दिवशी ती मुद्दाम गाडीत जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा पदर कोरडा होता.

गाडी न्यायला पद्मजाताई एसटीनं आल्या. किल्ली फिरवून त्यांनी शेजारचं दार उघडलं. "बसा."

धनसिंगनं तरुणपणी सात वर्षं टेम्पो चालवला होता. रस्ता त्यानं नेहमी वरून पाहिला होता. इथं बसला तर सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. गाडी सुरू झाली आणि रस्ता मांडीवर आल्यासारखा वाटला. छत मागं टाकलेलं. वेचणीला आलेल्या कापसाचा वास, सोयाबीन काढलेल्या रानाची धूळ, कुठंतरी जळणारा पालापाचोळा, सगळं आपापल्या जागी येऊन जात होतं. वेग काही फार नव्हता. एक ट्रॅव्हल्सची बस तर त्यांना मागं टाकून गेली. पण वळणावर गाडी अशी वळली की धनसिंगला वाटलं, हिला सांगावं लागत नाही, नुसतं बघितलं की पुरतं. आणि त्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, त्यानं स्वतः काढलेलं बॉनेट उन्हात लांबलचक पसरलं होतं. तीस वर्षांत त्यानं बनवलेली एकही वस्तू चालली नव्हती. जिराफ जागेवर, मोर जागेवर, टाक्या छपरावर. ही चालत होती. त्यानं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं. पद्मजाताईंनी पाहिलं आणि गाडी परत न वळवता आणखी पुढं नेली.

मंदारचं बॉनेट परत पाठवताना बिजलीबाई अडून बसली. गोधडीत आलेलं नुसतं पोत्यात कसं धाडायचं? तिनं त्याला ताडपत्रीची मापाची खोळ शिवली आणि कोपऱ्यात आरशांच्या चार टिकल्या टाचल्या. पोचल्याबरोबर मंदारचा फोन आला. त्यानं खोळीचं पुन्हा पुन्हा कौतुक केलं. शेवटी म्हणाला, "काका, तुमचा पत्ता मी सगळ्यांना देऊ का?"

"दे ना बाप्पा. कायले नाही देत?"

त्यानंतर फोन सुरू झाले. इंदूरहून एक डॉक्टर, मंगळूरचा एक फोटोग्राफर, नाशिकच्या दोन बहिणी. कुणाचं बॉनेट तडकलेलं, कुणाचं दार, कुणाच्या गाडीची मागची बाजू एका भिंतीनं खाल्लेली. गाठोडी येऊ लागली. बोलताना प्रत्येकजण आधी आपल्या गाडीची कथा सांगायचा आणि धनसिंग ती पुरी ऐकून घ्यायचा. पोरगी पुण्याहून म्हणाली, "बा, दिवाळी झाली. मग कधी येता?" धनसिंग म्हणाला, "येतो ना, चार दिवस. तुले भेटाले. राहाले नाही." मग तिनं त्याला धूळ अडवणारा चांगला मास्क पाठवला. तो लावून काम करू लागल्यापासून खोकलाही मागं हटला.

गेल्या डिसेंबरात त्या लोकांनी ठरवून गाड्या दिग्रसला आणल्या. सहा गाड्या, सहा रंगांच्या, जिनिंगच्या भिंतीला लागून ओळीनं उभ्या. मंदार तेव्हा पहिल्यांदा पद्मजाताईंना भेटला. उंच, लाजरा मुलगा. त्यानं वाकून नमस्कार केला तर त्या म्हणाल्या, "अरे, तुझी गाडी तीन आठवडे उघडी ठेवलीस माझ्यासाठी. मीच वाकायला हवं." बिजलीबाईनं ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. मंगळूरच्या फोटोग्राफरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो ठेचा मागून घेत होता. जेवायला बसताना सगळ्यांनी आग्रह करून धनसिंगला आधी बसवलं, आणि वाढायला नाशिकच्या बहिणी उठल्या. बिजलीबाईला त्यांनी हात धरून त्याच्या शेजारी बसवलं. घरच्या कार्यात दोघं असे बरोबर जेवायला बसल्याचं धनसिंगला आठवेना.

जेवणं झाल्यावर पद्मजाताईंनी पिवळ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. "आज तुम्ही चालवा. मी नाही येत. दोनच सीटा आहेत."

बिजलीबाई आधी नाही म्हणाली, मग पदर खोचून बसली. धनसिंगनं गाडी अरुणावतीच्या धरणाकडे घेतली. वाऱ्यानं तिचे केस सुटले, तिनं ते आवरले नाहीत. धरणाच्या कडेला दोघं थोडा वेळ उभे राहिले. पाणी भरपूर होतं. पलीकडच्या काठावर बगळे बसले होते. ती म्हणाली, चांगली माणसं आहेत रे, देवानं कुठून कुठून गोळा करून आपल्या दारात आणली. धनसिंगनं मान हलवली. त्यालाही तेच म्हणायचं होतं.

परतताना फाट्यावर त्यानं शेडकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं, तेवढ्यात बिजलीबाई म्हणाली, इकडून नको, बाजारातून घे. धनसिंगनं गाडी बाजारातून घेतली.