हनुवटीवरचा पदर

आबेदाखालाचे पुढचे दोन दात झिजलेत. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. भूकंपात नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान पडलं, तेव्हा तिनं दोरा धरला तो धरलाच. पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं, गल्लोगल्ली पोरी राहायला आल्या आणि खालाची मान कायमची आखडली. "जीव उबगला," असं ती रोज म्हणते आणि रोज पार्लर उघडते.

जळकोटची अक्षरा तिथं नुसतीच येऊन बसायची. हनुवटीवर राठ केस, गालभर पुटकुळ्या. क्लासमधली पोरं तिला 'भाऊ' म्हणत. असली पोरं उद्या डॉक्टर होणार म्हणे, देव पेशंटांचं भलं करो! खालानंच तिला डॉक्टरीणबाईंकडं धाडलं होतं. पुरुषाचं हार्मोन बाईच्या अंगातही थोडं असतं, तुझ्यात ते जास्त झालंय, म्हणून केस वाढतात आणि पाळी लांबते, असं बाईंनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, पण केस कमी व्हायला महिने लागणार होते. आणि लग्नाआधी पोरीच्या तोंडाला दोरा लावायचा नाही, ही घरची शिस्त. शेवटी कंटाळून अक्षरानं शिक्षण सोडायचं ठरवलं नि घरी फोन केला.

तिला न्यायला आई आली, मल्लम्मा. पोरीची बॅग घेऊन दोघी पार्लरच्या दारात निरोपाला थांबल्या. मल्लम्माचा पदर हनुवटीवर घट्ट धरलेला. उन्हाळ्यातही तो हात खाली येईना.

खाला थकल्या आवाजात म्हणाली, "बाई, पदर सोडा. मी दिवसभर हेच बघते."

 मल्लम्मा आत येऊन खुर्चीत बसली आणि पदर सोडला. हनुवटीवर उपटून उपटून काळे पडलेले डाग, त्यातून डोकावणारे खुंट.

"पहिलं माझं कर," ती म्हणाली. "पोरीला बघू दे. मग तिचं."

खालानं दोरा दातात धरला. अक्षरा बघतच राहिली. तिच्यासारख्याच जागा, तसेच केस.

"अव्वा, तुला पण? कधीपासून?"

"तुझ्याएवढी होते तवापासून. रोज पहाटं चुलीपुढं चिमट्यानं उपटते."

"मग मला सांगितलं का न्हाईस?" अक्षरानं विचारलं.

खालानं दातातला दोरा सोडला.

"मला तरी कोण सांगितलं, बाळा?" मल्लम्मा म्हणाली.