कार्ड मोठमायचं, बिड्या मायच्या

माय गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियात तिच्याच कागदांच्या झेरॉक्स काढत होते. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, वयाचा दाखला. फोन गावातल्या शेजाऱ्यांचा होता. सकाळचा चहा घेतला, पडवीत टेकून बसली, आणि तशीच... एवढंच ते बोलले. मी "हो, हो" म्हणत राहिले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, दो सेट या तीन?" मी म्हणाले, "तीन." कागद पिशवीत नीट घातले, रस्त्यावर आले, आणि मग ध्यानात आलं की आता यातल्या एकाही सेटचं काही काम उरलेलं नाही.

याला दीड महिना झाला. पिशवी अजून खुंटीला तशीच आहे. दोन वर्षं मी ती पिशवी घेऊन फिरत होते, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कधी तहसील, कधी बँक, कधी पेन्शनचं ऑफिस. आमचं गाव केशोरीच्या अलीकडचं. गोंदियाहून तिथे जाऊन मायला घेऊन यायचं म्हटलं की दिवस जायचा. तो दीड महिन्यापासून जात नाही. शरीराला मात्र थकवा तसाच आहे.

सुरुवात अगदी साधी होती. माय-बाबा दोघांची सत्तरी कधीच उलटली होती. दोघांनी आयुष्यभर काम केलं, पण आपल्याला म्हातारपणी काय मिळू शकतं हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. मीही नाही. मी मास्तरीण, वर्गातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी, आणि घरच्या दोन माणसांचा एक अर्ज भरलेला नव्हता. एका उन्हाळ्यात मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. बाबा राईस मिलमध्ये हमाल होते. मिल बंद पडून जमाना झाला, तिथलं रजिस्टरही कोणाकडे नव्हतं. त्यांचं वृद्धांचं अनुदान मात्र दोन खेपांत बसलं. मायची बारी आली आणि सगळं अडलं. मशीनवर तिचा अंगठाच उमटेना.

मायने साठएक वर्षं बिड्या वळल्या. सूप मांडीवर, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. त्यात बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीन लाल दिवा लावायचं, मशीनवरचा पोरगा म्हणायचा, "आजी, हात पुसा." ती पदराला पुसायची. पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला, जूनच्या उकाड्यात, मी सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले, "तुझ्या अंगठ्यानं माझा जीव खाल्ला, माय!" नंतर बाबांनी सांगितलं की त्या दिवसापासून तिने राखेने भांडी घासणं सोडलं आणि रोज बोटांना खोबरेल लावून बसू लागली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की रेषा परत येतात. पुढच्या खेपेला ती बसमधून उतरली तेव्हा उजव्या अंगठ्याला मऊ फडकं गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, लागलं. "लागलं नाई वं," ती म्हणाली, "घासू नाई म्हनून बांधलं." मशीनसमोर तिने ते फडकं हळूच सोडलं. दिवा लालच लागला. त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही, एवढंच आता मनाशी म्हणते.

मग मला वाटलं, बिडी कामगारांना प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन असते, तिचं ते तरी बघू. कार्ड काढ म्हटल्यावर माय इकडेतिकडे बघू लागली. "कार्ड माह्याजवळ कायले राहील? कार्ड तिचं." ती म्हणजे मोठमाय, बाबांच्या थोरल्या भावाची बायको, शांताबाई. माय लग्न होऊन आली तेव्हा ठेकेदाराने घरामागे एकच कार्ड दिलेलं होतं, ते थोरल्या जावेच्या नावाने. दोघी मिळून वळायच्या. पुढे मोठमायला दम लागू लागला, तंबाखू सोसेना, तिने बिडी सोडली. कार्ड मात्र चालू राहिलं. बिड्या सगळ्या मायच्या, नाव शांताचं. पुढे गोठ्याच्या भिंतीवरून दोघींचं बोलणं तुटलं, ते कित्येक वर्षं तुटलेलंच राहिलं. तरी दर आठवड्याला माय बिड्यांचं सूप मोठमायच्या ओट्यावर ठेवायची आणि काही न बोलता परत यायची. मोठमाय ते ठेकेदाराकडे न्यायची, पान-तंबाखू आणायची, मजुरी फडक्यात बांधून सुपात ठेवायची आणि सूप आमच्या ओट्यावर आणून ठेवायची. मी लहानपणी ते नेहमी बघितलं आणि त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मोठमायकडून कार्डाचा नंबर घेऊन मी पेन्शनच्या ऑफिसात चौकशी केली. तिथले कारकून निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी नंबर टाकून बघितला आणि म्हणाले, "भरणा पुरेसा आहे. पेन्शन बसते. शांताबाईंना घेऊन या." मी गावी जाऊन मायला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढलेला होता. म्हटलं, तू राबली आणि पेन्शन तिला? आपण काहीच करायचं नाही, पडून राहू दे. मायने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "तिले कोन हाय? भाऊजी गेले, लेकरू नाई. करून दे तिचं."

"आणि तुझं?"

"माहं होईल तवा होईल. हे तयार हाय तर काऊन सोडता?"

म्हणून आम्ही तिघी निघालो. मायला न्यायचं कारण असं, की काम कोणत्या साली सुरू झालं, ठेकेदार केव्हा बदलला, हे सगळं तिलाच पाठ होतं. बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. नवेगावबांध गेलं, पुढे हायवे लागला, सडक अर्जुनीला गाडी थांबली, मी दोघींना चहा आणून दिला. दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत चहा प्यायल्या. मी मध्ये उभी होते, दोन रिकामे कप हातात घेऊन, आणि मला सगळ्याचा कंटाळा आला होता.

ऑफिसात मोठमायने मशीनवर अंगठा ठेवला आणि पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला. कारकुनांनी मान वर केली. "वा, आजी! बिडीवालीचा अंगठा इतका साफ? आमच्याकडे तर एकीचाही लागत नाही लवकर." ते सहज बोलले होते. पण मोठमायने हात मागे घेतला, स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, मग वळून मायच्या हाताकडे बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "मी नाई वळल्या. हे बिड्या हिच्या होत. हिच्या नावानं करा."

कारकुनांनी चष्मा खाली घेतला, पेन बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "हे लिहून दिलं तर दोघींनाही काही मिळणार नाही. रेकॉर्डवर दुसरी कोणी नाहीच. बघा, काय ते ठरवा... मी पाणी पिऊन येतो." आणि खरंच उठून गेले.

मोठमाय रडू लागली होती. "मले नाई पाहिजे तुहं," ती मायला म्हणत होती. इतक्या वर्षांनी तिला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य. माय उठली, तिच्याजवळ गेली, तिचं मनगट धरलं. "चूप राह्य बाई. तू ने-आन केली नाई का? उन्हापान्यात डोक्यावर सूप घेऊन कोन जात होतं? ठेव अंगठा." मोठमाय ठेवेना, तेव्हा मायने तिचा हात स्वतःच्या हातात घेऊन कागदावर नेला. कारकून परत आले, त्यांनी काही विचारलं नाही. सही-अंगठा जिथे लागायचा तिथे लागला. परतीच्या बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या. सडक अर्जुनीच्या पुढे मोठमायला झोप लागली, तिचं डोकं मायच्या खांद्यावर आलं, आणि गाव येईपर्यंत माय हलली नाही.

पेन्शन चालू झाली. लहानशीच. मी अजूनही रागात होते, हे लपवत नाही. मला न्याय हवा होता आणि मिळाली ती अशी वाकडी सोय. पण मायचं वागणं बदललं. दर महिन्याला दोघी ऑटोने केशोरीच्या बँकेत जाऊ लागल्या. मोठमाय एकटी जायलाच तयार नसे. पैसे काढून झाले की दोघी बाजारातून भाजी घेत, मोठमाय मायसाठी अर्धी वेगळी करून देत असे. इकडे मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू निघाला, आणि तहसीलमध्ये एक बाई म्हणाल्या की अंगठा सोडा, आता डोळ्याने ओळख पटवता येते. ती पटली. हिरवा दिवा मायने पहिल्यांदा स्वतःसाठी बघितला. माझ्याकडे वळून हसली. फक्त झेरॉक्स द्यायच्या राहिल्या होत्या. त्यासाठीच मी त्या सकाळी दुकानात उभी होते.

तिच्या स्वतःच्या नावाने तिला काही मिळालं नाही. मला समजूत काढायची सवय नाही, म्हणून हे असंच लिहिते.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी मोठमायचा फोन आला. "बँकेत येतेस का वं?" रविवार सोडून मला सवड नव्हती, तरी रजा टाकली. बँकेत गर्दी होती, लाकडी बाकावर जेमतेम जागा. मोठमाय बसली आणि तिने आपली कापडी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. मी भिंतीला टेकून उभी होते. थोड्या वेळाने एक बाई आली, लेकरू कडेवर, आणि विचारलं, "इथं कोनी हाय का?"

मोठमाय दाराकडे बघत म्हणाली, "येऊन राहिली ते."

ती बाई पुढे गेली. मोठमायने पिशवीवर हात ठेवला आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो. तिने माझ्याकडे बघितलं. मी त्या जागेवर बसू शकले असते, पाय दुखत होते. पण मी हलले नाही, आणि तिनेही पिशवी उचलली नाही. आमचा नंबर येईपर्यंत ती जागा तशीच राहिली.