बोअरचं पाणी

माझ्याच अंगणात, माझ्याच गाडीपुढे एका परक्या मिस्त्रीने मला झापलं. त्याचा संताप मला अजून येतो.

गाडी सारखी तापायची. लातूरच्या गॅरेजवाल्याने सरळ नवं इंजिन टाकायला सांगितलं, म्हणून मेव्हण्याने उदगीरहून याला पाठवलं होतं. नाव मी विचारलं नाही. आल्याबरोबर तो पाणी प्याला आणि रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायला लावली. पाण्यात बुडबुडे आले. ऑइलची पट्टी ओढली, तर ऑइल चहासारखं दुधाळ.

"इंजिन न्हाई, हेड गॅस्केट गेलंय."

दुपारपर्यंत त्याने इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं आणि त्याखालची जळलेली गॅस्केटची चकती काढली. निघाले त्याच क्रमाने बोल्ट पेपरवर मांडले. मग हेडमधल्या पाण्याच्या भोकातला पांढरा थर नखाने खरवडून माझ्या नाकापुढे धरला.

"पाणी कोणतं टाकता?"

"बोअरचं."

त्याने ओट्यावरच्या पाण्याच्या जारकडे बोट केलं. "तुमी जारचं पिता अन् हिला बोअरचं पाजता व्हय? क्षार साचून पाणी फिरंना, म्हणून तापून जळलं हे!"

"तू तुझं काम कर," मी ओरडलो.

 हेड घासून आणून त्याने नवं गॅस्केट बसवलं. गाडी आता तापत नाही, याचाही मला रागच येतो.

कारण सकाळी त्याने प्यायला पाणी मागितलं, तेव्हा त्याच जारशेजारी उभं राहून मी त्याला बोअरचा नळ दाखवला होता.