भर बाजारातला सत्कार

ते प्रकरण आठवलं की अजूनही मी बसल्या जागेवरून उठतो.

वरूडहून संत्री घेऊन निघालेला ट्रक पातूरजवळ रिकामा सापडला. ड्रायव्हर बेपत्ता. त्याची बायको आमच्या वरूडच्या ठाण्यातल्या बाकावरून हलेना. मी तेव्हा फौजदार होतो; ठाणेदार एक मॅडम होत्या.

बाजारात फुलं विकणाऱ्या एका बाईनं मला हळूच सांगितलं, "पहाटी दोघं ट्रकात चढताना मी पायले. एकाले ओयखतो. इथं नाही, सांजी घरी या."

आम्ही ही खबर वर कळवली आणि दुपारी अमरावतीहून वरिष्ठ साहेब आले. पुढे कॅमेरे, मागे गाड्या. तपास लागण्याआधी सत्कार उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. साहेबांनी भर बाजारात त्या बाईला शाल-श्रीफळ दिलं आणि 'पोलिसांची धाडसी साक्षीदार' म्हणून तिची ओळख करून दिली.

संध्याकाळी मॅडम आणि मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो.

"म्या काहीच नाही पायलं," ती म्हणाली.

"मावशी, ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न आहे."

"अन् माह्या लेकरायचा? तुमचे साहेब गेले अमरावतीले. आमाले इथंच राहाचं हाय."

"सत्कार केला ही चूकच झाली," मॅडम म्हणाल्या.

"हे साहेबाले म्हणान काय?"

मॅडमनी तिथंच फोन लावला, स्पीकर चालू केला. "सर, आज आपण साक्षीदाराचा जीव धोक्यात घातला. मी तिच्या घरावर पहारा ठेवतेय आणि त्याचं कारण स्टेशन डायरीत लिहितेय." पलीकडून फोन कट.

"बदली होते आता तुमची, बाई," ती म्हणाली, आणि तिनं नाव सांगितलं.

तो पेट्या भरणारा मजूर निघाला. चौकशीत सगळं नाकारत होता. मी चहा-बिस्किटं पुढे सरकवली. तो नुसता बघत बसला. शेवटी पुटपुटला, "तिकडं तो उपाशी असन न, साहेब."

त्यानं दाखवलेल्या एका बागेत, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ड्रायव्हर बांधलेला सापडला. जिवंत.

पत्रकार परिषद साहेबांनी घेतली. मॅडमची बदली झाली. लोक वर्दीला भितात, पण विश्वास ठेवण्याआधी ते एकच बघतात: हा माणूस आपल्या वरच्याला खरं सांगतो का? नोकरीत मी एवढंच शिकलो.

त्या बाईनं मात्र वरूडचा बाजार सोडला. आता धामणगावला बसते म्हणे. विचारपूस करायला जावंसं फार वाटतं. पण तिच्या दुकानापुढे पुन्हा एक पोलीस उभा राहायचा, म्हणून जात नाही.