तक्त्यावर तीनदा ‘ठीक’

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सगळे मामा म्हणत. सव्वीस वर्षांची नोकरी. कुत्र्याच्या मांडीत आतल्या बाजूला दोन बोटं टेकवून मामा नाडी सांगत, आणि यंत्र मागाहून तोच आकडा दाखवी. त्यामुळे मामांची मान जरा ताठच असायची.

त्या दुपारी शिंपीणबाईंच्या कुत्रीची गर्भपिशवी काढली. दुकानातल्या कपट्यांच्या ढिगात वाढलेली, म्हणून तिचं नाव चिंधी. ऑपरेशन सुरळीत झालं. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत दुसरे रुग्ण तपासायला गेल्या. चिंधीची नाडी, हिरड्या आणि रक्तदाब दर दहा मिनिटांनी बघून तक्त्यावर लिहायचं, एवढंच मामांकडे काम होतं.

रक्तदाब कमी आला. मामांनी पायावरचा पट्टा घट्ट केला. आणखी कमी आला.

“म्हातारं झालंय हे यंत्र,” म्हणत त्यांनी ते बंद केलं, तक्त्यावर ‘ठीक’ लिहिलं आणि चहाचा कप उचलला.

“मामा, हिच्या हिरड्या पांढऱ्या दिसताहेत हो,” टेबलाशेजारी बसलेल्या शिंपीणबाई म्हणाल्या. “पंजेही गार लागताहेत.”

“अहो बाई, भूल उतरतेय. तुम्ही तुमचं शिवण बघा, हे आम्ही बघतो.”

बाई ओशाळल्या. मामांनी आणखी दोनदा जागेवरून न उठता ‘ठीक’ लिहिलं. मग मात्र बाईंना राहवेना. त्या तडक उठल्या आणि डॉक्टरीणबाईंना हाताला धरून घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी चिंधीचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबली. एक, दोन, तीन, चार सेकंद झाले तरी दाबलेल्या जागी रंग परतेना.

“मामा, नाडी?”

मामांनी बोटं टेकवली. नाडी दोऱ्यासारखी बारीक, आणि नुसती धावत होती.

“पोटात रक्त जातंय. सलाइन जोरात सोडा, ऑक्सिजन लावा, पांघरूण घाला!”

टाके पुन्हा उघडले. एका रक्तवाहिनीवरची गाठ सुटली होती. ती बांधली, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं, आणि संध्याकाळी चिंधीने शेपटीचं टोक हलवलं.

बाहेर येऊन शिंपीणबाईंनी मामांपुढे हात जोडले. “तुमच्या कामात मी मध्ये मध्ये बोलले. राग मानू नका.”

“असू दे, असू दे,” मामा म्हणाले. म्हणजे बाईंची माफी त्यांनी चक्क स्वीकारली.

डॉक्टरीणबाईंनी तो तक्ता त्यांच्यापुढे धरला. “हे तुमचंच अक्षर ना?” तक्ता त्यांच्या हातात देऊन त्या आत गेल्या. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

आठवडाभर मामांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी ते दुकानात गेले आणि उभ्याउभ्याच बोलले, “बाई, त्या दिवशी यंत्र बंद केल्यावर मी तिची नाडीही बघितली नव्हती. तक्त्यावर खोटं लिहिलं. तुमचं बरोबर होतं.”

शिवणयंत्र थांबलं.

“मला वाटलं, आपल्याला काय कळतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “आणखी थोडा वेळ तसंच वाटलं असतं, तर?”

चिंधी उठून मामांचे बूट हुंगू लागली. तिला कुरवाळायला त्यांचा हात पुढे होईना.

“उद्या टाके काढायला आणते,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईच काढतील ना?”

“हो,” मामा म्हणाले. “त्याच काढतील.”